मापावरची शीग

पूर्वी एके काळी, ज्या काळाचं साल कुणी लिहून ठेवलेलं नाही अशा काळी, एक मोठं राज्य होतं आणि त्याला लागून एक छोटं राज्य होतं. मोठं राज्य मैदानात पसरलेलं होतं. त्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला घोडेस्वाराला वीस दिवस लागत. छोटं राज्य डोंगरात होतं. सकाळी न्याहारी करून निघालेला माणूस संध्याकाळी त्याच्या पलीकडे पोचलेला असे, आणि तेही वाटेत दोन ठिकाणी गप्पा मारून.

या दोन राज्यांत एक जुना तह होता. मैदानातल्या शेतांना पाणी हवं होतं, म्हणून मोठ्या राज्याने डोंगरातल्या खोऱ्यात बांध घालून तलाव केला. तलावाखाली डोंगरी लोकांची सगळी चांगली भातशेती बुडाली. तेव्हा ठरलं, की त्या बदल्यात मैदानाने दर वर्षी सुगीनंतर शंभर खंडी भात डोंगराला द्यायचं. हे ताम्रपटावर कोरलं गेलं, आणि दर पंचवीस वर्षांनी दोन्हीकडच्या माणसांनी बसून तह नवा करायचा, असंही ठरलं.

भात मोजायची एक रीत होती. सरहद्दीवर मोठं लाकडी माप ठेवत. माप काठोकाठ भरलं की त्यावर आणखी ओंजळी टाकत, दाणे घसरून खाली पडायला लागेपर्यंत. मापाच्या काठावर असा जो ढीग चढतो त्याला शीग म्हणतात. डोंगरी राजघराण्यातली सगळ्यांत वडील बाई मापाशी बसे. तिला सगळे थोरली आई म्हणत. ती प्रत्येक मापावरची शीग तळहाताने अलगद उतरवून शेजारच्या काळ्या घोंगड्यावर घेई. मापातलं भात डोंगरी राजाच्या कोठारात जाई. घोंगड्यावरचं भात कुठे जाई, हे मैदानातल्या कुणी कधी विचारलं नव्हतं.

तर मुलांनो, आणि मुलांना गोष्ट सांगता सांगता स्वतःच ऐकत बसलेल्या थोरांनो, ही गोष्ट त्या न विचारलेल्या प्रश्नाची आहे.

मोठ्या राज्याच्या राजाचा एक वकील होता. वकील म्हणजे परराज्यात जाऊन राजाच्या वतीने बोलणारा माणूस. लोक त्याला पंत म्हणत. पंत फार हुशार. तीस वर्षांत तो एकदाही बोलण्यांत हरला नव्हता. त्याच्या गुरूने त्याला दोन नियम शिकवले होते. समोरचा जे बोलतो तो त्याचा भाव असतो, असं धरून चालायचं, हा पहिला. समोरच्याचं घर पाहायला जायचं नाही, कारण त्याची चूल दिसली की आपला हात सैल होतो, हा दुसरा. पंताने हे दोन्ही नियम इतके पाळले, की पुढे पुढे ते नियम आहेत हेही तो विसरून गेला.

पंताला एक थोरली बहीण होती. आईबाप लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. ती लवकर विधवा झाली आणि मग त्याच्याकडेच राहिली. तो तिला अक्का म्हणे. खरं तर घासाघीस तो तिच्याकडूनच शिकला होता. लहानपणी तो तिच्याबरोबर बाजाराला जाई, तेव्हा अक्का वांग्यांच्या भावासाठी अर्धा तास वाद घाली आणि एक कवडी सोडत नसे. पण वांगी पदरात पडली, की आपल्या फडक्यातली चतकोर भाकरी काढून ती माळणीच्या हातावर ठेवी. पंताला तेव्हा याचं हसू येई. अक्का म्हणे, भाव भावाच्या जागी, पण ती सकाळपासून उन्हात बसलीये. पंताने तिच्याकडून घासाघीस उचलली आणि भाकरी तिथेच राहू दिली.

तह नवा करायचं पंचविसावं वर्ष आलं. राजाला त्या वर्षी खर्चाची चिंता होती. त्याने पंताला बोलावून विचारलं, की डोंगराला द्यायच्या भातातून काही वाचवता येईल का. पंताने ताम्रपट मागवला, दोन दिवस वाचला, आणि तिसऱ्या दिवशी तो मिशीत हसला. ताम्रपटावर शंभर खंडी लिहिलं होतं. शिगेचा शब्दही नव्हता. त्याने हिशोब केला. पंचाहत्तर वर्षं दर साली बारा खंडी भात निव्वळ शिगेत जात होतं.

बोलणी सरहद्दीवर एका मोठ्या तंबूत झाली. पंत सोबत चार हत्ती घेऊन गेला होता. लढाईचं नाव त्याने तोंडातून काढलं नाही. हत्ती फक्त बाहेर बांधून ठेवले, जिथून ते तंबूत बसलेल्या माणसाला नीट दिसतील. डोंगरी राज्याचं सगळं सैन्य म्हणजे चाळीस भालाईत होते, आणि त्यांतले निम्मे पेरणीच्या दिवसांत घरी असत. डोंगराकडून थोरली आई आली. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पायात काही नाही.

पहिला दिवस गूळपाण्यात आणि विचारपुशीत गेला. दुसऱ्या दिवशी पंताने ताम्रपट वाचून दाखवला आणि अगदी गोड शब्दांत म्हणाला, की आमचा राजा दिल्या शब्दाला जागणारा आहे, शंभर खंडीतला एक दाणा कमी करणार नाही, फक्त माप लेखाप्रमाणे असावं.  थोरली आई रात्री डोंगरात परत गेली आणि सकाळी पुन्हा आली.

तिसऱ्या दिवशी ती बोलली. तिचा आवाज हळू होता.

"लेखात शीग न्हाई, हे खरं हाय," ती म्हणाली. "पर लेखात राखण बी न्हाई. बांधावर सात घरं ऱ्हात्यात. पाऊसकाळाचे चार महिने ती सांडव्याचं तोंड मोकळं ठिवत्यात. लाकडं, पालापाचोळा, वाहून आलेली झाडं, समदं बांबूनं वडून काढत्यात. त्येच पेरणीचे दिस असत्यात, म्हणून त्यास्नी शेत करता येत न्हाई. शीग त्यांच्या पोटाला जाती. शीग न्हाई, तर राखण न्हाई. आन राखण न्हाई, तर खालची गावं बी न्हाईत."

सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी जिथून वाहून जातं ती वाट. ती तुंबली तर पाणी बांधावरून जातं, आणि मातीचा बांध पाण्याखाली टिकत नाही. हे पंताला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्याच्या कानांची घडणच निराळी झाली होती. म्हातारीचं बोलणं ऐकून त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही बाई फार तयारीची दिसते. थेट नाही म्हटलं नाही, रडली नाही, आमच्याच गावांची भीती आम्हालाच घातली. इतका चांगला डाव त्याने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता, आणि त्याला मनापासून कौतुक वाटलं.

थोरली आई म्हणाली, "वर चला माज्यासंगं. तीन घटकांची वाट हाय. डोळ्यांनी बघा, मग काय त्ये ठरवा."

पंताने हात जोडले आणि गुडघ्याचं दुखणं पुढे केलं. गुडघा खरंच थोडा दुखत होता. तंबूबाहेर हत्तीने साखळी वाजवली. थोरल्या आईने नव्या लेखावर अंगठा उठवला. तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती, हे आपल्याला समजतं. पंतालाही समजत होतं, आणि त्याच्याच बळावर तो तिथे बसला होता.

त्या सुगीला पंत मुद्दाम सरहद्दीवर गेला. त्याने एक सागवानी काठी करून घेतली होती, दोन्ही टोकांना चांदी बसवलेली. पहिलं माप भरलं, शीग चढली, आणि पंताने स्वतः ती काठी मापाच्या काठावरून ओढली. जादा दाणे परत मैदानाच्या पोत्यात पडले. थोरली आई जागेवर बसून होती. तिने सवयीने घोंगडं पसरलं होतं, ते तिने घडी करून मांडीवर घेतलं.

घरी आल्यावर पंताने अक्काला सगळी हकीकत रंगवून सांगितली. अक्का शेंगा निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"त्या शिगेचं ते करत काय होते?" तिने विचारलं.

पंत म्हणाला, की म्हातारी काहीतरी बांधाचं सांगत होती.

"मग जाऊन पाहिलंस का?"

"अक्का, बोलणी करताना असं जायचं नसतं," पंत म्हणाला.  अक्काने शेंगांकडे मान वळवली.

राजा खूश झाला. त्याने पंताला बक्षीस म्हणून जमीन दिली, आणि कुठली हवी ते पंतालाच निवडू दिलं. पंताने तलावाखालची, नदीकाठची काळी जमीन निवडली. तिच्याहून कसदार जमीन राज्यात नव्हती. तिथे त्याने चार खणांचं घर बांधलं. राजधानीतल्या गर्दीला अक्का कंटाळली होती, ती तिथे राहायला गेली. तिने केळी लावल्या, एक गाय पाळली, आणि शेजारच्या बायांशी पंधरा दिवसांत जीवाभावाचं मैत्र केलं. पंत महिन्यातून एकदा जाई. म्हातारपणी इथेच यायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पहिल्या पावसाळ्यात अक्काने त्याला सांगितलं, की वर डोंगरात अधूनमधून नगारा वाजतो. खालच्या गावांतली माणसं म्हणत, डोंगरी लोकांचा कसला तरी सण असतो या दिवसांत. त्यांच्या आजोबांपासून सगळे असंच म्हणत आले होते. सांडव्यात मोठं झाड अडकलं, की जवळच्या वाड्यांवरच्या माणसांना हाताला हात लावायला बोलावण्यासाठी बांधावरची सात घरं तो नगारा वाजवत, हे कुणालाच माहीत नव्हतं. पंचाहत्तर वर्षांत पूर आला नव्हता, म्हणून पूर येतच नसतो असं खाली सगळे धरून चालले होते.

पुढच्या सुगीला मापाशी थोरली आई पंताला म्हणाली, "सातातली चार घरं उरली. तीन गेली पोटाच्या मागं."

पंताने मान हलवली. मनात म्हणाला, म्हातारी अजून सोडत नाही. पुढच्या पावसाळ्यात अक्काने सांगितलं, की यंदा नगारा फार कमी वाजला, आणि वाजला तेव्हाही बराच वेळ वाजत राहिला, जसं काही कुणी यायचं नावच घेत नव्हतं. पंताने गाईच्या दुधाची चौकशी केली.

त्याच्या पुढच्या सुगीला थोरली आई फक्त एवढंच म्हणाली, "येकच घर हाय आता. म्हातारा हाय त्यो बी."

हे ऐकून पंताला काय वाटलं, ते सांगायलाही मला लाज वाटते. पण गोष्ट सांगायची तर सगळी सांगितली पाहिजे. त्याला वाटलं, समोरचा वाकतो आहे. आता आणखी थोडं ताणलं तर शंभराचे नव्वद होतील. राजधानीत परत गेल्यावर तो त्याचा मसुदा करायला बसला.

तिसरा पावसाळा आला. आषाढात पंत अक्काकडे गेला होता. निघताना अक्का अंगणापर्यंत आली आणि म्हणाली, "अरे, या वर्षी वर नगाराच वाजला नाही. एकदासुद्धा नाही. एवढं माझं ऐक, त्या म्हातारीला जाऊन विचार."

"विचारतो," पंत म्हणाला. घोड्यावर बसता बसता म्हणाला, त्यामुळे ते लगेच विसरूनही गेला.

श्रावणात सलग सहा दिवस पाऊस पडला. सातव्या दिवशी सकाळी एक उंबर मुळासकट वाहत आला आणि सांडव्याच्या तोंडात आडवा बसला. त्यावर पालापाचोळा साठला. बांबू घेऊन तो ओढायला कुणी नव्हतं. बांधावरचा शेवटचा म्हातारा उन्हाळ्यातच आपल्या लेकीकडे गेला होता. दुपारपर्यंत पाणी बांधाच्या माथ्यावर आलं, आणि तिथून पुढे बांध फुटायला फार वेळ लागला नाही.

पंताला बातमी कळली तेव्हा तो मसुद्यावर शेवटचा हात फिरवत होता. तो तसाच घोड्यावर बसला. पोचला तेव्हा पाणी ओसरलं होतं. नदीकाठच्या अकरा गावांची ओळख राहिली नव्हती. त्याच्या घराच्या जागी चिखल होता आणि चिखलातून विहिरीचा कठडा तेवढा वर आलेला होता. गाय दावं तोडून टेकाडावर चढली होती, ती जिवंत होती. अक्का तिसऱ्या दिवशी सापडली, दोन कोसांवर, एका बाभळीला अडकलेली. तिच्या ओटीत एका शेजारणीचं तान्हं मूल होतं. तिने ते पदराने स्वतःला बांधून घेतलं होतं. तेही गेलं होतं.

पंताने तिला अग्नी दिला. मग तो पायी डोंगर चढायला लागला. गुडघा दुखत होता, पण त्याला ते चढून गेल्यावर आठवलं. वाट खरोखर तीन घटकांचीच होती.

बांधाच्या फुटलेल्या कडेला सात झोपड्या होत्या. दारं उघडी, चुली थंड. एका झोपडीच्या कुडाला लांब बांबू टेकवून ठेवलेले होते, वापरून वापरून हाताच्या जागी गुळगुळीत झालेले. शेवटच्या झोपडीत नगारा होता आणि त्याचं कातडं उंदरांनी कुरतडलं होतं. पंत तिथे उंबऱ्यावर बसून राहिला. संध्याकाळी थोरली आई आली. धुराची रेघ नसताना बांधावर कुणी माणूस दिसला, म्हणून ती पाहायला आली होती.

पंत तिला म्हणाला, "तुम्ही मला असं स्पष्ट का सांगितलं नाही?"

थोरली आई त्याच्या शेजारी बसली. तिला राग आला असता तर पंताला बरं वाटलं असतं.

"तीन बारीला सांगितलं, बाबा," ती म्हणाली. "म्या राखण सांगत हुते. तुमी दर बारीला भाव ऐकला."

पंत लहान मुलासारखा रडला. म्हातारीने त्याला रडू दिलं. तिच्याही राज्यात त्या दिवशी आनंद नव्हता, कारण तलाव गेला तशी त्यांची मासळीही गेली होती, आणि खालची माणसं मेल्याचं दुःख तिला होतंच.

पंताने राजधानीत जाऊन राजाला सगळं जसं घडलं तसं सांगितलं, स्वतःला न वाचवता. राजाने बांध नव्याने बांधायला घेतला. शीग परत सुरू केली, आणि नव्या ताम्रपटात राखणीच्या नावाने आणखी बारा खंडी भात लिहून दिलं. पण भात पाठवणं सोपं होतं. बांधावरची सात घरं सात दिशांना पांगली होती. कुणी दूर देशी विणकामाला लागलं होतं, कुणाच्या मुलांनी बांबू हातात धरायचंच नाकारलं. पाणी वाढलं की कुठलं लाकूड आधी ओढायचं आणि कुठलं शेवटी, हे ज्याला कळत होतं तो म्हातारा लेकीकडेच वारला. दोन घरं तेवढी परत आली.

तिसऱ्या झोपडीत पंत जाऊन राहिला. चांदीच्या टोकांची काठी त्याने सोबत नेली होती. पहिल्याच पावसाळ्यात त्याने ती सांडव्यात घालून पाहिली, पण त्या कामाला ती फार आखूड होती. मग त्याने एक गुळगुळीत झालेला बांबू उचलला. नगाऱ्याला त्याने नवं कातडं चढवून घेतलं. तो वाजला की आता खालची माणसं सण म्हणत नाहीत, गुरं सोडतात आणि मुलांना घेऊन टेकाडावर चढतात.

सुगीला मापाशी थोरली आई घोंगडं पसरून बसते. पंताच्या वाट्याची शीग ती स्वतःच्या हाताने त्याच्या पदरात घालते, आणि काहीतरी बोलते. पंत मान खाली घालून ते शेवटपर्यंत ऐकतो. मग डोंगर चढताना तो वळणावर थांबतो. तिथून खालची नदीकाठची काळी जमीन दिसते. त्या जमिनीवर आता कुणी घर बांधत नाही.

जो समोरच्याच्या प्रत्येक शब्दात डाव शोधतो, त्याला खरं बोलणं ऐकू येतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.